हलणारी गादी

गादीच्या एका टोकाला पाण्याने भरलेला ग्लास ठेवून दुकानदार दुसऱ्या टोकाला दणकन बसला. ग्लासातलं पाणी हललंसुद्धा नाही.

"साहेबांनी रात्रभर कुशी बदलल्या तरी वहिनी, तुम्ही घोडे विकून झोपाल."

तिची झोप फार सावध. नवरा जरा वळला तरी ती जागी व्हायची. शिवाय त्याला गादी कडक हवी होती आणि तिला मऊ. ही नेमकी अर्धी कडक, अर्धी मऊ होती. मधोमध खड्डा पडलेली जुनी गादी बदल्यात देऊन दोघं खुशीत घरी गेले.

महिनाभराने ती घरातल्याच चपला घालून एकटी धावतपळत दुकानात आली.

"आमची जुनी गादी परत द्या."

"ती कधीच गेली, वहिनी. नवीत काही दोष निघाला का?"

"दोष नाही हो. जुनी नसेल तर दुसरी कुठलीही द्या. खड्ड्याची द्या, कुरकुरणारी द्या, पण हलणारी द्या. ह्यांना आज दवाखान्यातून घरी सोडतायत, मला रात्रीच्या आत हवी."

"अहो, पण झालं काय?"

गादीवर ठेवलेल्या त्या ग्लासाकडे ती बघत राहिली.

"परवा झोपेत ह्यांना झटका आला. डॉक्टर म्हणतात, बराच वेळ हातपाय झाडत असणार. मी शेजारीच होते, दादा. घोडे विकून झोपले होते."