मुद्रितशोधकाचा अभिप्राय

गाणं संपलं आणि मुद्रितशोधकाने नजर खाली वळवली. ज्यांच्या गाण्यांवर त्याने आयुष्यभर जीव टाकला, ते म्हातारे कवी-गायक गिटार मांडीवर आडवी ठेवून त्याच्याकडे बघत होते. खोलीत तिसरं कुणी असतं तर निदान इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण इथे बोलूनही उपयोग नव्हता. वर्षापूर्वीच्या आजारपणात म्हाताऱ्याचे दोन्ही कान पार गेले होते, यंत्रांनीही हात टेकले होते. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"लिहा, मास्तर. नेहमीसारखं."

'मास्तर' हे नाव त्यांनी त्याच्या पत्रांवरूनच ठेवलं होतं. हा माणूस दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायचा आणि घरी येऊन यांच्या. नवा अल्बम आला की पंधरा दिवस ऐकायचा, मग पत्र लिहायचा. पहिल्या अल्बमला दहापैकी नऊ. चौथ्यातली प्रेमगीतं म्हणजे पाणी घातलेलं दूध, पाच. पुढे नाव झालं, सभागृहं भरायला लागली, तेव्हा त्याने सरळ लिहिलं, 'तुम्ही हल्ली टाळ्यांसाठी लिहिता. तीन, तेही जुन्या ओळखीचे.' आणि म्हातारपणीच्या शेवटच्या अल्बमला, 'आवाज फाटलाय, पण शब्द पहिल्यांदाच कुणाला भीत नाहीत. साडेनऊ.' बाकीचे चाहते यांना देव मानायचे. हा देवाची वही तपासायचा. एकवीस अल्बम, एकवीस पत्रं, उत्तर एकाचंही नाही. आणि परवा अचानक म्हाताऱ्याच्या पत्नीचा फोन आला होता, या म्हणून.

आल्या आल्या म्हाताऱ्याने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. "सोमवारी रेकॉर्डिंग ठरलंय. मला माझंच काही ऐकू येत नाही. गाणं चांगलं असेल तर गातो. नसेल तर गिटार खाली ठेवतो, कायमची. मला एका खऱ्या माणसाचं मत हवंय."

आणि गाणं वाईट होतं. वाईट म्हणजे किती, तर एक तार साफ उतरलेली, दुसऱ्या कडव्यात एकच ओळ तीनदा आलेली, आणि शेवट असा गुळमुळीत की लग्नपत्रिकेवरचा मजकूर बरा. शेजारच्या टेबलावरच्या कुणाच्या हातून असा मजकूर आला असता, तर मुद्रितशोधकाने लाल शाईने तो न्हाऊ घातला असता. त्याने पेन्सिल उचलली. 'दोन' लिहायला म्हणून टोक कागदाला टेकवलंसुद्धा.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. म्हाताऱ्याच्या पाठीमागे त्यांची पत्नी उभी होती, हात जोडून. दारात चपला काढतानाच तिने त्याला गाठलं होतं. "भाऊ, पाया पडते तुमच्या. काहीही लिहा, पण वाईट लिहू नका. दोन महिने अन्नाला शिवत नव्हते. हे गाणं हाती घेतलं तेव्हा कुठे उठून बसलेत."

पेन्सिल तिथेच अडली. मुद्रितशोधकाला आपलं घर आठवलं. त्याची धाकटी मुलगी गेली, त्या वर्षी घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. या माणसाचं एक गाणं तेवढं बोलायचं. तेच ते लावायचं, तेच ते ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं. या माणसाने त्याला जगवलं होतं, आणि आता दोन अक्षरांत याचा जीव घ्यायचा? आयुष्यात कधी चूक नजरेआड केली नव्हती; आज केली.

'उत्तम. दहापैकी नऊ. सोमवारी जरूर गा.'

सवयीने त्याने एकदा वाचून पाहिलं आणि कागद पुढे केला. दारातल्या बाईने डोळे पुसले.

म्हाताऱ्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग घडी घालून गिटारीवर ठेवला. बोलले तेव्हा बहिऱ्या माणसाच्या उंच, सपाट आवाजात.

"ती तार मी सकाळी मुद्दाम उतरवली. खुंटीचे दोन वेढे. माझे कान गेलेत, मास्तर, बोटं नाही गेली. ती ओळही मीच तीनदा कोंबली. हिला हेच ऐकवलं. साथीदारांना हेच. सगळ्यांनी लिहून दिलं, वा! मी म्हटलं, असू दे, आपले मास्तर आहेत."

गिटारीच्या पिशवीतून त्यांनी हाताने लिहिलेली दोन पानं काढली. "खरं गाणं हे आहे. तुमच्यासाठी ठेवलं होतं."

मुद्रितशोधकाने झडप घालून कागद ओढला, उलटा केला, आणि पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं, 'चुकलो. माफ करा. हे म्हणा. या वेळी खरं लिहीन, माझ्या मुलीची शपथ.'

म्हाताऱ्याने ते वाचलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लिहाल हो, नक्की लिहाल. पण ते खरं आहे, हे मला आता कसं कळणार?"