डाव्या बटणावरची पट्टी

“तुझ्यापायी आमची लाइन तुंबते गं,” शेजारच्या प्रेसवरून यमुनामावशी म्हणाल्या. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

पत्रा दाबायच्या या प्रेसची दोन बटणं दोन हातांनी दाबायची, म्हणजे हात आत सापडत नाही. डावं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारी थेट घरी, असं भिंतीवर लिहिलं होतं. तरी एक हात मोकळा राहून काम भराभर व्हावं म्हणून सगळ्याजणींनी पट्टी लावलेली होती. कामाला लागल्यावर तिसऱ्या दिवशी मीही लावली, चांगले चार वेढे देऊन.

तेवढ्यात दाराकडून कुणीतरी मोठ्याने खोकलं. क्षणात सगळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. खोकल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी निघता निघेना.

“कुणी शिकवलं हे?” सेफ्टीच्या साहेबांनी विचारलं.

मी मावशींकडे पाहिलं. त्या मान खाली घालून डावं बटण दाबत होत्या, उरलेल्या दोन बोटांनी.