शेजारचा कुकर

भरताचं वांगं जाळावरच भाजायचं, हा कलावतीबाईंचा दंडक. पण दिवसभर उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हिशेब करून आलेल्या सुनेत, पायलमध्ये, तेवढा दम कुठला! ती गुपचूप वांगं कुकरला लावायची आणि मग वासापुरती साल गॅसवर जाळायची. नेमका तेव्हाच बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही मोठा व्हायचा आणि शिट्टी त्यात बुडून जायची. पायल नशिबाचे आभार मानायची.

आज कुकर चढवला आणि वीज गेली. टीव्ही बंद पडला, अन् त्या शांततेत शिट्टीनं घर डोक्यावर घेतलं. पायलनं झटकन गॅस बंद केला.

"पायल, बाजूवाल्याईचा कुकर लय जोरानं वाजते वो!" बाहेरून कलावतीबाई म्हणाल्या. "तू आपलं वांगं आरामानं भाज."