परागाचा गहू

"मामा, काय टाकलंत तोंडात?" प्रयोगशाळेतल्या मॅडम ओरडल्या. ओंबी भरली का बघायला दाणा दाताखाली धरायचा, ही आमची जुनी खोड. मी कुंड्यांना पाणी घालणारा, हात गेलाच.

हा गहू मॅडमनी फुलातल्या परागापासून बाटलीत वाढवलेला. बाकी रोपं पांढरीफटक निघाली नि मेली, हे एकटंच हिरवं जगलं. परागाच्या रोपाला दाणाच धरत नाही, म्हणून मुळं औषधात बुडवलेली. ओंबी पोकळ निघाली, तर सगळी मेहनत मातीत.

"भरलाय का हो?" त्या कुंडीपाशी धावत आल्या.

"दूध भरलंय, बाई. गोड आहे."

त्या ओंबी चाचपून मटकन बसल्या, हसत हसत रडल्या. "पुन्हा हात लावाल तर बघा, मामा!"

नव्या पिकाचा पहिला दाणा देवाचा. तो मीच खाल्ला, तरी देव रागावला नाही. ओंबीत अजून दाणे ठेवले होते त्यानं.