खांबाच्या बाहेरून

मॅलकीच्या पैजांच्या नादात घर गेलं, तेव्हापासून त्याचा मुलगा कॉरमॅक आईजवळ राहत होता. मॅलकीने मात्र वर्षभर लेकाचा एकही सामना चुकवला नाही. पावसात, चिखलात, चर्चमागच्या मैदानाच्या कडेला तो उभा असायचाच. अखेरच्या सामन्याच्या सकाळी पोरगा आपण होऊन म्हणाला, "पैजा खरंच सोडल्यास ना, बाबा? मग संध्याकाळी तुझ्याकडेच येतो राहायला."

क्लबात मुलांच्या हर्लिंगला, म्हणजे काठीने चेंडू मारायच्या आयरिश खेळाला, गोलापाशी पालकच पंच म्हणून उभे राहतात. त्या दिवशी मॅलकीची पाळी होती. गुण बरोबरीत होते आणि शेवटचा फटका कॉरमॅकचा. चेंडू मॅलकीच्या डोक्यावरून, खांबाच्या वीतभर बाहेरून गेला; म्हणजे गुण नव्हताच. सगळे त्याच्या हाताकडे बघत राहिले. लेकाचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. त्याने गुणाचं पांढरं निशाण उंच फडकवलं.

पोरांनी कॉरमॅकला खांद्यावर घेतलं. "अरे, जा की, म्हाताऱ्याला मिठी तरी मार!"

तो उतरून बापापाशी आला. हेल्मेट काढून हळूच म्हणाला, "बाहेर गेला होता, बाबा. मी बघितला."

"अरे राजा, तुझ्यासाठीच..."

"खरं सांग, किती लावले होतेस आमच्यावर?"

वर्षभरात मॅलकी एकाही पैजेच्या वाटेला गेला नव्हता, देवाला ठाऊक होतं. पण नुकतंच खोटं निशाण फडकवलेला हात छातीवर ठेवून ते सांगणार कसं?