डावी बाही

सलाइनची पिशवी रिकामी झाली तेव्हा मास्तर आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते आणि त्यांची बायको शेजारच्या स्टुलावर बसून एका कोटाला बाह्या जोडत होती. शिंप्याच्या घरात रिकामे हात चालत नाहीत, मग तो दवाखाना का असेना. सिस्टरने मास्तरांच्या हातातली सुई काढली, रक्तदाब पाहिला आणि नेहमीचं सांगितलं, "आता दोन तास इथेच बसायचं. उद्या सकाळपर्यंत गाडी नाही, मशीन नाही, कात्री-ब्लेड नाही."

"तीन वर्षांत कात्री हातात धरलेली नाही त्यांनी," बायको म्हणाली. "ती काळजी नको."

ही चौथी खेप. केटामाइन मुळात भूल द्यायचं औषध, पण थोड्या प्रमाणात दिलं की गोळ्यांना दाद न देणारी उदासी कधीकधी हलते, असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. 'कधीकधी' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला होता. माणूस सरळ होता. चार वेळा देऊन पाहू, तोवर काहीच फरक दिसला नाही तर उगाच ओढायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. त्याआधी चार प्रकारच्या गोळ्या झाल्या होत्या, आणि दिराने सुचवलेलं पहाटेचं फिरणंही. सोबत जाऊन जाऊन दीर बारीक झाला, मास्तर होते तिथेच राहिले.

दुकान आता ती एकटी चालवत होती. एके काळी टाका दोराभर सरकला तरी आकाशपाताळ एक करणारे मास्तर मागच्या खुर्चीत बसून असायचे. तिने काहीही शिवून दाखवलं की म्हणायचे, "छान आहे." चांगलं जमलं तरी छान, वाया गेलं तरी छान. आज काय होणार याचा विचार नको म्हणून ती भराभर टाके घालत होती.

"कुणाचा कोट?"

मास्तरांचे डोळे उघडे होते. जीभ अजून जड होती. औषधानंतर तासभर ते काहीबाही बोलत, मागच्या खेपेला छत दूर चाललंय म्हणाले होते. तिने मान वर न करता सांगितलं, "दंतवैद्यांचा."

"ती बाही डावी आहे."

"कुठली?"

"तुझ्या हातातली. उजव्या खांद्याला लावतेयस. घातला की हात पाठीमागे वळतील. दात काय पाठीमागून काढणार आहेत ते?"

तिने कोट उलटसुलट करून पाहिला. खरंच की. दुसरी बाही तर लावून झाली होती, म्हणजे तीही चुकलेली. तिने जीभ चावली.

"कच्चाच टाका आहे. उसवते."

"उसवशील गं, पण खडूची खूण का नाही केलीस? वीस वर्षं सांगतोय, बाही कापली की आधी खूण. लक्ष कुठे असतं तुझं?"

आवाज चढला तशी सिस्टर लगबगीने आली. "मास्तर, शांत व्हा बरं. रक्तदाब वाढेल."

"बोलू द्या त्यांना," बायको म्हणाली. "सिस्टर, आमच्या मध्ये पडू नका."

मास्तरांनी हात पुढे केला. "दे कात्री."

"उद्या सकाळी," सिस्टरने बजावलं.

मग मास्तर बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागले. ओढू नको, कापड ताणेल. एक सोडून एक टाका काप. आता दोरा काढ. तुला घाई कसली आहे? तिला घाई अजिबात नव्हती. कितीतरी दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं, आणि हे लवकर संपू नये म्हणून ती मुद्दाम सावकाश उसवत होती. मध्येच डोळे भरून आले, तेव्हा सुई शोधायचं निमित्त करून ती खाली वाकली.

डॉक्टर प्रश्नांचा कागद घेऊन आले. झोप, भूक, मन असे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण, जितके कमी तितकं बरं. झोप तशीच. भूक तशीच. मनाचं मास्तरांना सांगता येईना. डॉक्टरांनी बेरीज केली. पहिल्या दिवशी चौतीस होते, आज एकतीस.

"तीनच गुणांचा फरक आहे," ते तिला हळू आवाजात म्हणाले. "घरी काही वेगळं जाणवलं का?"

"घरचं राहू द्या, डॉक्टर. आत्ता इथे पोटभर बोलणी खाल्ली मी. तीन वर्षांनी."

डॉक्टरांनी तिच्या मांडीवरच्या सुट्या बाह्यांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

मास्तर ओशाळले. "चूकच तशी केली होती तिने."

डॉक्टरांनी कागदावरची बेरीज पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "आणखी दोनदा देऊन पाहू. शुक्रवारी या." आणि त्यांनी कागदावर शुक्रवार लिहिला.

"ह्या कोटाची ट्रायल कधी आहे?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"शुक्रवारीच."

"मग शुक्रवारी नाही जमणार, डॉक्टर. मला दुकानात उभं राहावं लागेल. हिच्या भरवशावर नाही सोडता येणार."

डॉक्टरांनी निमूटपणे शुक्रवार खोडला आणि शनिवार लिहिला.