कुठला पांढरा?

रॉबिनला गाडीच्या झेनॉन हेडलाइटशी जुळणारे फॉग लाइटचे बल्ब हवे होते. राहात्याच्या मेकॅनिकने चार प्रकार पेटवून दाखवले. "समदे पांढरेच हायेत, कुठलाबी घ्या." रॉबिनलाही ते सारखेच दिसले.

सोबत आलेली त्याची बायको मरिया ब्लाऊजपिसांचं दुकान चालवायची. तिने पिशवीतलं पांढरं कापड आधी हेडलाइटपुढे धरलं, मग एकेका बल्बपुढे. "हा निळसर. हा दुधी. हा पिवळट. हा बसवा."

बल्ब बसले आणि समोरच्या भिंतीवर सगळा उजेड एक झाला.

"कुठं शिकलात, वहिनी?" मेकॅनिक बघतच राहिला.

"दुकानात. बाई पांढरा मागते, मी विचारते, कुठला?"

या प्रश्नाला रॉबिन वीस वर्षं हसत आला होता. घरी जाताना त्याने हळूच विचारलं, "मरिया, पांढरे एकूण किती असतात गं?"